पाठाखालचे आवाज

२ फेब्रुवारी

ठके,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची रीत आहे, ती मला ठाऊक आहे. पण देवासमोर बसून लिहितेय, तेव्हा खोटं लिहिणार नाही. आशीर्वाद मनात नाहीत, म्हणून कागदावरही नाहीत.

अकरा महिने तुझ्याशी बोलले नाही. आत्ताही बोलत नाहीये, नुसतं कळवतेय. बारा मार्चला आईला जाऊन वर्ष होईल. मामांकडे सगळे जमणार आहेत, तुलाही निरोप आला असेलच. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी एक वही वाचणार आहे. तीत तुझं बोलणं असेल. तुझ्याच शब्दांत, अक्षर इकडचं तिकडे न करता.

कसं ते सांगते, उगाच डोकं खाजवत बसू नकोस. डॉक्टर फोनवर सांगतात त्या गोळ्या मी विसरते, म्हणून दोन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी माझ्या फोनमध्ये अशी सोय करून ठेवली होती की येणारा-जाणारा प्रत्येक फोन आपोआप साठवला जावा. मला सांगितलंही होतं म्हणे. मी नेहमीसारखं 'हो हो' म्हटलं असेल. परवा फोन भरला, काही चालेना, तेव्हा तो म्हणाला, "आई, यात मावशीचे सत्त्याण्णव फोन आहेत. पुसून टाकू?"

मी म्हटलं, "हात लावलास तर बघ."

आई शेवटचे सव्वातीन महिने तुझ्याकडे होती. मी इथे, सात तासांच्या अंतरावर. रोज चार वाजता मी फोन करायची, तू तो आईच्या कानाशी धरायचीस आणि मी वीस मिनिटं देवाचा पाठ म्हणायची. एक दिवस चुकवला नाही. आणि तू? तू मला वेळेवर बोलावलं नाहीस. सगळं आटोपत आल्यावर मी पोचले, तेव्हा तुला एकच विचारलं, "माझ्यासाठी काय म्हणाली?" तू भिंतीकडे बघून म्हणालीस, "काही नाही."

थोरल्या लेकीसाठी आईने एक शब्द ठेवू नये? ठेवला असणार. तू दाबलास. तो मला हवाय, आणि तू दाबलास हे सगळ्यांना कळायलाही हवंय. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण कोणीतरी तुला बघूनच केली असावी.

हे पत्र पोच मिळेल असं पाठवतेय. 'मिळालंच नाही' म्हणायची सोय ठेवलेली नाही.

तुझी नव्हे, नुसती
ताई


९ फेब्रुवारी

ठके,

एकवीस फोन लिहून झाले. जुन्या हिशेबाच्या वह्यांतली कोरी पानं काढून शिवली आणि एक वही केली. तुझ्यासाठी नवी आणायची माझी तयारी नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. कोर्टात तीस वर्षं लघुलेखक होत्या. साक्षीदार जे बोलेल ते जसंच्या तसं टिपायचं, एवढंच त्यांचं काम. वही पक्की व्हावी म्हणून त्यांना दाखवायला नेली, तर त्यांनी लाल पेन्सिलच काढली. मी लिहिलं होतं, 'ठकी तुसडेपणाने म्हणाली, आई झोपलीय.' 'तुसडेपणाने'वर रेघ.

"हे ऐकू आलं तुम्हाला?"

"आवाजावरून कळतं की!"

"तुम्हाला कळलं. बोललेलं एवढंच आहे, 'आई झोपलीय'. आम्ही साक्षीदाराचा स्वभाव टिपत नव्हतो, शब्द टिपायचो."

"अहो, पण ती आहेच तशी."

"असेल. मग तिचे शब्दच सांगतील. तुमचा भरवसा नाही का त्यांच्यावर?"

अशी चिडून खाली आले की विचारू नकोस. पण भाजी निवडता निवडता पटलं. माझे शेरे मध्ये घातले तर मामा म्हणतील, 'हिचं नेहमीचंच.' म्हणून आज बसून सगळे शेरे खोडले. 'तोडून', 'कुत्सितपणे', 'मुद्दाम', सगळे. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. सुरी घासून घेतली की नीट कापते.

बाईंचे नियम कडक आहेत. कोणी गप्प झालं तर 'थांबली' लिहायचं. दोघी एकदम बोलल्या तर दोघींचंही लिहायचं. मागचे आवाजसुद्धा लिहायचे. त्यामुळे तुझा प्रत्येक फोन आता असा सुरू होतो: 'शिवणयंत्राचा आवाज. थांबतो.' शेजारच्या खोलीत आई अंथरुणावर आणि तू गिऱ्हाइकांचे कपडे शिवतेयस! सत्त्याण्णव वेळा वाचणार आहे मी ते वाक्य.

पाठाच्या जागी नुसतं 'पाठ, वीस मिनिटे' लिहिते. तो माझाच, मला पाठ आहे. देवाच्या नावात तुझं पाप कुठून सापडणार?

कानात फोनचं ते बोंडुक घालून दिवसभर बसलेली बघून हे म्हणाले, "लग्नाला छत्तीस वर्षं झाली. माझं बोलणं एवढं लक्ष देऊन कधी ऐकलंस का?"

मी म्हटलं, "तुम्ही काय गुन्हा केलाय?"

ताई


१७ फेब्रुवारी

ठके,

सापडलीस.

काल लघुलेखकबाईंनी नमुना म्हणून अडतिसावा फोन स्वतः कानाला लावला. पाठ सुरू झाल्यावर त्या काढून ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी काढला नाही. डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि मग हात वर केला.

"तुम्ही इथे पाठ लिहिलंय. पण पाठाच्या खाली कोणीतरी बोलतंय."

"ठकी असेल. तिला गप्प बसवतंय कुठे?"

"नाही. म्हातारा आवाज आहे."

ठके, माझ्या पाठाखाली आई बोलतेय. वर्षभराने तिचा आवाज ऐकला मी. गॅसवरचा चहा आटून भांडं काळं झालं, मला वासही आला नाही. माझा आवाज एवढा मोठा आणि तिचा एवढासा, की एक वाक्य लागायला अर्धा तास गेला. पण लागलं. आई म्हणते, "ही दार लावून घेते. कोंडून ठेवते मला."

आता बोल! म्हाताऱ्या, आजारी आईला कोंडलंस तू. आणि देवाने त्याचा पुरावा कुठे ठेवला, तर माझ्याच पाठात. आपली मावशी तुझी बाजू घेते ना नेहमी, 'ठकीने किती केलं, ठकीने किती केलं'? तिला पुढच्या खुर्चीवर बसवणार आहे. वाचून झाल्यावर आमच्यापैकी एकाही घराचं दार तुला उघडणार नाही.

एकतिसावा फोन खराब निघाला. खरखर फार आहे. तो वहीत घेतलेला नाही.

ताई


२२ फेब्रुवारी

ठके,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या चार पत्रांना... चूक, तीन पत्रांना दोन ओळी! 'ताई, खुशाल वाच. मी येईन. पण मधलं काही गाळू नकोस.'

मधलं म्हणजे काय? धमकी देतेस? मी कधी काही गाळते का? आमच्या घरात आगपेटीची काडीसुद्धा वहीत लिहिली जाते.

बरं. तुझीच इच्छा. सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव पाठांखालचं उकरून काढते. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस, पुढे माझ्या नावाने रडू नकोस.

ताई


१ मार्च

ठके,

तुला हे करायची परवानगी कोणी दिली?

आधी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे 'मी असं म्हटलंच नाही' म्हणायला जागा नको. अडतिसावा फोन, संपूर्ण:

मी: (पाठ चालू.)
आई: ही दार लावून घेते. कोंडून ठेवते मला.
ठकी: आई, ताईनेच सांगितलंय लावायला. परवा तू एकटीच रस्त्यावर गेलीस ना? ताई रडली ऐकून.
आई: रडली? वेडीच आहे. लाव मग.

मी रडले नव्हते. आई रस्त्यावर गेली हे मला माहीतसुद्धा नव्हतं. तू कळवलं नाहीस म्हणून तुझा हा आणखी एक गुन्हा लिहून ठेवायला मागचे फोन पुन्हा काढले. सदतिसाव्यात सापडलं:

ठकी: ताई, काल आई एकटीच दार उघडून—
मी: चार वाजून गेले. पाठ झाल्यावर सांग.
(पाठ, वीस मिनिटे.)
मी: चला, झालं. ठेवते.

हे माझ्या अक्षरात वहीत आहे. गाळलं नाही.

आणि हा दुसरा, पंचेचाळिसावा:

आई: कोण बोलतंय?
ठकी: ताई आहे.
आई: काय म्हणते?
ठकी: पाय कसे आहेत विचारतेय.
आई: बरे आहेत म्हणावं. तिच्या गुडघ्याचं काय झालं?
ठकी: बरा आहे म्हणते. तू गोळी घेतलीस का, विचारतेय.
आई: तिने विचारलं होय? आण मग.

असं रोज! सात-आठ फोन असे असतील म्हणून धरले होते, मोजायचं सोडून दिलं. 'ताई म्हणते जेव.' 'ताई म्हणते अंग पुसून घे.' 'ताईने तुझ्यासाठी साडी बघून ठेवलीय.' कुठली साडी? मी वर सगळ्या जगाला ऐकू जाईल असं देवाचं म्हणतेय, आणि खाली आई ऐकतेय तुझं, माझं समजून. माझ्या तोंडात शब्द घातलेस तू. माझ्या नावाने आईला औषध पाजलंस, माझ्या नावाने दार लावलंस, माझ्या नावाने रडलीससुद्धा! ही चोरी आहे, ठके. एखाद्याची सही करावी तशी.

आई तर त्या पाठाला मधूनमधून 'बरं', 'हो का', 'मग?' असं म्हणत होती. तिला वाटत होतं, मी इकडची हकीगत सांगतेय. देवाच्या नावाला कोणी 'मग?' म्हणतं का गं? मला हसू आलं. एकटीच हसत बसले. मग हसले म्हणून तुझ्यावर आणखी चिडले.

तुला सांगता आलं नसतं, 'ताई, थांब, आई तुझ्याशी बोलतेय'? हे वाक्य लिहिलं आणि वही चाळली. सांगितलंयस. बाराव्यात, एकोणिसाव्यात आणि बेचाळिसाव्यात. तिन्ही वेळा माझं उत्तर एकच आहे: 'मध्ये बोलू नकोस, पाठ तुटतो.'

मध्येच तोडू नये असं मला शिकवलंय. कोणी शिकवलं ते तुला माहीत आहे. आईनेच.

ताई


६ मार्च

ठके,

एकतिसावा फोन खराब नाही. अगदी स्वच्छ आहे.

लघुलेखकबाईंनी पानं उलटता उलटता विचारलं, "तीसनंतर एकदम बत्तीस?" मी खरखरीचं सांगितलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मी जिन्यातून परत वर गेले.

ठकी: ताई, एकदा येऊन जा ना. सारखी वाट बघते ती तुझी.
मी: आत्ता आले तर पुन्हा यावं लागणारच आहे. दोनदा कशाला?
ठकी: (थांबली.)
मी: चल, सुरू करते.

'थांबली' किती वेळ, ते बाईंनी घड्याळ लावून बघायला सांगितलं. नऊ सेकंद. घरात कधी नऊ सेकंद गप्प बसून बघ, किती होतात ते.

मी इथे लिहिणार होते की, हे मी बोलले होते ते विसरून गेले होते. विसरले नव्हते. वर्षभर डोक्यात 'तू बोलावलं नाहीस' एवढं मोठ्याने म्हणत राहिले की हे खाली गेलं. मग दुसऱ्याच आठवड्यात कानावर आलं, तेव्हा खराब ठरवलं. दुसऱ्याच्या बोलण्यातले शेरे खोडायला मला एक दिवस लागला. माझं एक वाक्य लिहायला महिना गेला.

आता शेवटचा, सत्त्याण्णवावा:

मी: (पाठ चालू.)
आई: थोरली अजून बोलतेय?
ठकी: हो.
आई: ठेव म्हणावं आता.
ठकी: आई, ऐक ना थोडं. तिला बरं वाटतं.
आई: दमली असेल. ठेव म्हणावं.
मी: (पाठ चालू, आणखी अकरा मिनिटे.)

दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली. तू 'काही नाही' म्हणालीस ते हेच ना?

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आई मला कंटाळली होती. सात-आठ वेळा ऐकल्यावर वाटलं, नाही, लेकीचा घसा दुखेल म्हणून म्हणते. पुढे पुढे दोन्ही वाटेनासं झालं, तिचे शब्दच तेवढे राहिले. बाई म्हणाल्या, "आता लिहा."

हे तू मला का सांगितलं नाहीस? दया केलीस माझ्यावर? तुझी दया मला नकोय, ठके. तोंडावर मारलं असतंस तर परवडलं असतं. राग गेलाय असं समजू नकोस. तो आहे तेवढाच आहे, फक्त कुठे ठेवावा ते कळेनासं झालंय.

वही मात्र वाचणार. न गाळता. तू म्हणालीस तशी.

ताई


१३ मार्च

ठके,

तू सगळ्यांच्या मागे, चपलांपाशी बसली होतीस, त्यामुळे पुढच्यांचे चेहरे तुला दिसले नसतील. पहिली वीस मिनिटं सगळे खुशीत होते. भांडण बघायला मिळणार म्हटल्यावर माणसं कशी सावरून बसतात! मावशी तुझ्यासाठी डोळे पुसायच्या तयारीत होती. एकतिसावा आला तेव्हा माझा आवाज बसला. मावशी म्हणाली, "पाणी पी गं." मी प्याले नाही. प्याले असते तर वही तिथेच मिटली असती.

मामा म्हणाले, "पुरे कर. कळलं सगळं."

"काय कळलं? अजून सहासष्ट फोन आहेत."

"अगं, आपली अब्रू आपणच वेशीवर टांगायची असते का?"

"ठकीची टांगायला आणली होती मामा. तिच्याबरोबर माझीही निघाली, त्याला मी काय करू?"

आणि शेवटी मावशी तुझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, ताईने किती मोठं मन केलं!" तेव्हा तू उठलीस, पायात चपला सरकवल्यास आणि म्हणालीस, "मोठं मन कसलं, मावशी? तिला पुरावा हवा होता. तो उलटा निघाला." आणि गाडी गाठायला निघून गेलीस.

त्या क्षणी तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. आणि सगळ्यांसमोर 'खरं आहे' म्हणावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काही केलं नाही, वही पिशवीत घातली.

बोलायचं असेल तर फोन कर. साठवायची सोय चिरंजीवांना काढून टाकायला सांगितलीय. आता काही टिपणार नाही.

ताई


२२ मार्च

ठके,

तू गुरुवारी सकाळी फोन केलास. पहिलंच वाक्य, "मध्ये बोलणार नसशील तर बोलते." मी 'हूं' म्हटलं.

उंटावरून शेळ्या हाकल्या मी, असं म्हणालीस. रोज चारला यंत्र थांबवायला लागायचं, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, फोन धरून हात भरून यायचा, आणि मी पाठ संपला की पुण्य गाठीला बांधून मोकळी. मग म्हणालीस, आईने तीन महिन्यांत तुला एकदाही 'ठके' म्हणून हाक मारली नाही. माझंच नाव घ्यायची. तू आपल्या नावाने काही सांगितलंस तर 'तू गप्प बस' म्हणायची, आणि तेच 'ताई म्हणते' म्हटलं की लगेच तोंड उघडायची. "तिला जिवंत ठेवायला मला रोज तू व्हावं लागायचं," म्हणालीस. "आणि तू मलाच चोर म्हणतेस?"

आठ वेळा माझ्या ओठांवर 'पण' आला. आठही वेळा गिळला. तू बोलत होतीस तेव्हा माझ्या आत एक बाई वही घेऊन बसली होती. हे खोटं, हे वाढवून सांगतेय, हे मी असं केलंच नव्हतं, अशी भराभर लिहीत होती. तिला हाकलून बघितलं, जाईना. मग म्हटलं, लिही बाई, पण हळू लिही. मला पलीकडचं ऐकू येऊ दे.

तुझ्या दोन गोष्टी मला मान्य नाहीत. पुण्य गाठीला बांधलं ही एक. दुसरी माझ्या वेळी सांगेन. पण ऐकल्या आहेत, अगदी जशाच्या तशा.

मग तू म्हणालीस, "आणि त्या शेवटच्या दिवशी, तुझा फोन ठेवल्यावर—" तेवढ्यात तुझ्या दारावर कोणी आलं. "नंतर करते" म्हणालीस आणि ठेवलास.

तीन दिवस झाले. मुद्दाम केलंस का? माझंच औषध मला? केलं असलंस तर लागू पडलंय. शेरास सव्वाशेर आहेस. या तीन दिवसांत दोनदा डाळ करपली, आणि हे दारातून बोलले तर फोन वाजल्यासारखी दचकले.

मी होऊन फोन करणार नाही. मी केला की मीच बोलते, एवढं स्वतःबद्दल आता कळलंय. तू कर. मला जे बोलायचंय तेही कडूच आहे, ते तुला ऐकावं लागेल, त्यातून सुटका नाही. पण ते नंतर. आधी तुझं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं कर. फोन ठेवल्यावर आई काय म्हणाली, ते सांग. माझ्याबद्दल नसलं तरी सांग.

ताई